मेहेमचा पहिला अल्बम: सहा महिने हरवलेला बास

मेहेम या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडचा ‘डे मिस्टेरिस डॉम सॅथानास’ हा पहिला स्टुडिओ अल्बम मी वर्षानुवर्षे मोबाइलवर फुकट ऐकत आलो होतो. गेल्या जूनमध्ये मात्र त्याच्या पुनर्मुद्रित रेकॉर्डसाठी ३,२०० रुपये मोजले आणि पहिल्याच रात्री पश्चात्ताप झाला, कारण युरोनिमसची गिटार आणि हेलहॅमरचे ड्रम्स खोली भरून टाकत असताना त्यांच्याखालचा बास गिटारचा खर्जातला आवाज कुठेच सापडत नव्हता.

संशय अर्थातच अ‍ॅम्प्लिफायरवर गेला. दादरहून ते धूड टॅक्सीत घालून लॅमिंग्टन रोडवर नेले. तेथील दुरुस्तीवाल्याने आठ दिवस ठेवून घेतले आणि ‘बिघाड नाही, तुमची रेकॉर्डच अशी आहे’ असे सांगून तपासणीचे ५०० रुपये मागितले. बिघाडच नसेल तर पैसे कसले, यावरून आमची बरीच बोलाचाली झाली. शेवटी मीच दिले. नंतर प्लेअरची सुई बदलली, तिचे १,८०० वेगळे.

दुरुस्तीवाला अगदीच खोटे बोलत नव्हता. या बासमागची हकीकत मेहेमच्या चाहत्यांना ठाऊक आहे, पण मी ती पुन्हा तपासली. १० ऑगस्ट १९९३ रोजी ऑस्लोत युरोनिमसचा खून करणाऱ्या व्हिकर्नेसनेच या अल्बमवर बास वाजवला होता. तो काढून टाकावा, अशी युरोनिमसच्या आईवडिलांची विनंती होती. हेलहॅमरने बास नव्याने ध्वनिमुद्रित करणार असल्याचे सांगितले, मात्र प्रत्यक्षात तसे केले नाही. मे १९९४ मध्ये अल्बम बाहेर आला तो मारणारा आणि मेलेला यांना एकाच ध्वनिमुद्रणात शेजारी ठेवून. म्हणजे बास आहे, दबलेला असला तरी आहे, हे कळल्यावर माझी चिडचिड वाढलीच.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. गायक आटिला चिहारचे घशातले मंत्रोच्चार मला सुरुवातीला हास्यास्पद वाटले होते. ते मत मी मागे घेतो. मुखपृष्ठावरच्या, नॉर्वेतल्या निदारोस कॅथेड्रलवर ऑगस्टमध्ये खरीखुरी बुरशी चढली, त्यात मात्र बँडचा दोष नाही.

डिसेंबरमध्ये छताचा पंखा बंद पडला. त्या रात्री सहज रेकॉर्ड लावली आणि ‘फ्रीझिंग मून’ हे गाणे सुरू होताच गिटारखाली काहीतरी जड, ओलसर सरकताना स्पष्ट ऐकू आले. सहा महिने ज्याच्यासाठी मी अ‍ॅम्प्लिफायर आणि सुईवर २,३०० रुपये घालवले, तो बास आमच्या जुन्या पंख्याच्या घरघरीत बुडालेला होता. नॉर्वेतल्या बर्गनच्या ग्रीगहॉलन सभागृहात निर्माता पिटेनने केलेल्या या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाबद्दल मी मित्रांना जे जे ऐकवले होते, ते सारे परत घ्यावे लागले.

आईने त्याच आठवड्यात ९० रुपयांचा कंडेन्सर बसवून पंखा सुरू करून घेतला. आता बास ऐकायचा तर पंखा बंद करणे आले, आणि मार्च लागल्यापासून पहिली बाजू संपेपर्यंतच सदरा भिजतो. दुसरी बाजू मी डिसेंबरसाठी ठेवली आहे.