स्कॅनर की कॉम्प्रेशन गेज?

दीड लाख किलोमीटर पळालेली पेट्रोल गाडी चढावर धापा टाकते, चेक इंजिनचा दिवा पेटतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावला की दोन मिनिटांत कोड दिसतो, समजा पी०३०१: पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही. का, ते मात्र तो सांगत नाही. त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहा. कोड पी०३०२ झाला तर कॉइलच गेली. (कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ला हे सॉकेटच नाही, तिथे प्रश्नच मिटला.)

गेजचं काम, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं, किचकट. इंजिन गरम करून सगळे प्लग काढायचे, इंधन आणि इग्निशन तोडायचं, एकेका प्लगच्या जागी गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलका. एखाद्याचा दाब कमी भरला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. दाब चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) संशय. शेजारशेजारचे दोन्ही कमी? बहुधा गॅस्केटच.

मी आधी स्कॅनरच लावेन. पण सायलेन्सरमधून निळा धूर निघत असेल, ऑइल घटत असेल, तर थेट गेज. नुसत्या कोडवर मेकॅनिकला इंजिन खोलू देऊ नका.