चादर की हर की दून?

मावसभावाला फेब्रुवारीअखेर बर्फातून नदीकाठाने चालायचंय. सह्याद्री पाठ आहे, बर्फ नवा. मी या दोन्ही ट्रेकना जाऊन आलोय.

चादर म्हणजे लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरूनच चालणं. चढ जवळजवळ नाहीच, तरी दमवते थंडी: रात्री उणे २५ अंशांच्या आसपास. लेह साधारण ३,५०० मीटरवर. विमानातून उतरलं की आधी विश्रांती, मग सक्तीची वैद्यकीय तपासणी, म्हणजे सुट्टीचे दिवस वाढतात आणि तिकिटाचा खर्चही. बर्फावर गमबूट लागतात, पाय उचलायचा नाही, सरकवायचा. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बर्फाचा थर पातळ होऊ लागतो. मधेच फुटला तर काठाच्या खडकांवरून जा, नाहीतर थांबा. मला तरी त्या थराखालचा पाण्याचा आवाज ऐकून पोटात गोळा आला होता.

हर की दून उत्तराखंडात. डेहराडूनपर्यंत रेल्वे, पुढे सांकरीपर्यंत दिवसभर गाडी. वाट सूपिन नदीच्या काठाने, देवदारांतून. सांकरी दोन हजार मीटरच्या आत, त्यामुळे उंची हळूहळू अंगवळणी पडते. चढ आहे, पण आपल्या गडांवर घाम गाळणाऱ्याला झेपेल. बुटांना मायक्रोस्पाइक्स (बर्फात रुतणारे छोटे धातूचे दात) बांधले की निसरडी वाट सोपी होते. बर्फ मार्चमध्येही भरपूर असतो.

जानेवारीत सुट्टी मिळत असेल आणि कडाक्याची थंडी सोसत असेल, तर चादर. फेब्रुवारीअखेर, पहिल्यांदाच बर्फात, मोजक्या पैशांत जायचं, तर हर की दून. भावाला मी तेच सांगितलंय.