टॅसिटस: काही महिने रोज वाचल्यानंतर

रोमन सुविचारांचे फॉरवर्ड वाचून टॅसिटस या रोमन इतिहासकाराकडे वळणार असाल, तर आधीच सांगते: त्याची वाक्यं जागेवरून उपटली की अर्धी मरतात. 'उजाड करतात आणि त्याला शांतता म्हणतात' हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ते आहे कॅल्गाकस या ब्रिटनमधल्या सरदाराच्या तोंडी, रोमन फौजेशी भिडण्याआधी. आणि हे वाक्य ज्यात आहे ते पुस्तक कोणावर? त्याला हरवणाऱ्या अग्रिकोला या रोमन सेनापतीवर, म्हणजे टॅसिटसच्या सख्ख्या सासऱ्यावर! सासऱ्याचे गोडवे गाताना शत्रूला इतकं धारदार बोलू देणारा जावई विरळाच.

सुरुवात त्याच्या 'हिस्टरीज' या ग्रंथापासून करा. जेवढं उरलंय त्यातलं बहुतेक इ.स. 69 या एकाच वर्षाचं, आणि त्या वर्षात रोमने चार सम्राट पाहिले. पहिला गाल्बा. त्याच्यावरचा शेरा असा: राज्य केलंच नसतं, तर हा राज्याला लायक आहे असं सगळे एकमुखाने म्हणाले असते. ऑफिसातली एकदोन प्रमोशनं आठवलीच.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती इटलीतल्या क्रेमोनाची रात्रीची लढाई, रोमन विरुद्ध रोमन. एक तरुण सैनिक समोरच्याला पाडतो, झडती घेतो आणि ओळखतो की हा आपला बाप. बाप सैन्यात गेला तेव्हा पोरगा लहान होता; मोठा होऊन तो वेगळ्याच लिजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीत, भरती झाला. तो मरणाऱ्या बापाला मिठी मारतो, माफी मागतो, खड्डा खणतो. आजूबाजूचे सैनिक युद्धाला शिव्या घालतात, आणि नात्यागोत्यातल्यांना मारणं-लुटणं तसंच चालू ठेवतात. पुढे तर एकजण सख्ख्या भावाला मारल्याचं बक्षीस मागायला येतो. सेनापतींची पंचाईत: बक्षीस देववत नाही, शिक्षाही करता येत नाही. मग काय, 'कामगिरी एवढी मोठी की लगेच मोबदला देणं शक्य नाही' म्हणून प्रकरण पुढे ढकललं. सरकारी उत्तर दोन हजार वर्षांत फारसं बदललेलं नाही.

तक्रारी आहेतच. 'अ‍ॅनल्स' हा त्याचा दुसरा ग्रंथ मधून मधून गहाळ आहे, कॅलिगुला या सम्राटाची कारकीर्द तर पूर्णच गेली. टॅसिटस राग-लोभ न धरता लिहितो म्हणतो, पण टायबेरियस या सम्राटाबद्दल दोन अफवा सांगून त्यातली वाईट तेवढी आपल्या मनात रुजवतो, स्वतः नामानिराळा. या बाबतीत त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. शिवाय ज्या डोमिशियन सम्राटाला तो झोडपतो त्याच्याच काळात त्याची बढती झाली होती. तेही तो स्वतःच लिहून ठेवतो म्हणा.

चर्च आणि ब्रॉड्रिब यांचं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट आहे. भाषा जडच, आणि मी उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये ना नकाशा, ना टिपा. 'हिस्टरीज'ला ते चालून जातं. 'अ‍ॅनल्स'साठी मात्र राजघराण्याची वंशावळ असलेली छापील प्रत घ्या. एकाच नावाच्या दोन-दोन अग्रिपिना आहेत, आई आणि लेक.