'रेडिएशन टेस्ट'च्या नावाखाली झालेली फसवणूक

गोठवलेल्या चिकनचा आमचा लहानसा व्यापार आहे. मस्कतच्या एका ग्राहकाने माल विकिरणित (जंतू मारण्यासाठी किरणांचा मारा केलेला) नसल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागितला आणि एका तपासणी-एजंटाने सगळे पैसे आगाऊ घेऊन ते काम अंगावर घेतले. नमुने न्यायला आलेल्या त्याच्या माणसाने फक्त बोनलेसची पाकिटे उचलली. शेजारी काढून ठेवलेल्या लेगपीसना त्याने हातही लावला नाही. अहवाल मात्र सही-शिक्क्यानिशी आला: सीझियम-१३४ आणि सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्यांचे प्रमाण, बेकरेल (किरणोत्सर्गाचे एकक) प्रति किलोमध्ये, मर्यादेच्या आत. ग्राहकाने तो फेटाळला.

ग्राहकाचे बरोबरच होते. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांतून गेलेले मांस किरणोत्सर्गी होत नाही, त्यामुळे विकिरणित मालावर हीच चाचणी केली असती तरी हाच निकाल आला असता. विकिरणाची खूण शोधावी लागते ती हाडात आणि चरबीत. हाडासकट मालासाठी ईएन १७८६ ही युरोपीय पद्धत आहे: हाडावरचे मांस खरवडून, आतली मज्जा काढून हाड वाळवतात, त्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स यंत्रात ठेवतात आणि हाडातील खनिजात अडकून राहिलेल्या मुक्त मूलकांचा (किरणांमुळे तयार झालेल्या अस्थिर कणांचा) विषम आकाराचा संकेत उमटतो का, ते पाहतात. बोनलेस मालातील चरबी वेगळी करून तिच्यात २-डोडेसिलसायक्लोब्युटॅनोन (ईएन १७८५) शोधतात. पामिटिक आम्लावर किरणांचा मारा झाला की ते तयार होते.

तक्रार केल्यावर एजंटाने जादा पैशांत डीएनए कॉमेट चाचणी (पेशींतला डीएनए तुटला आहे का, ते पाहणारी) करून देण्याची तयारी दाखवली. हा तर दुसरा फासच म्हणायचा, कारण ती केवळ प्राथमिक चाळणी आहे आणि गोठवून वितळवलेल्या मांसातला डीएनए किरणांविनाही तुटलेला असू शकतो.

अहवालातला एकही आकडा खोटा नाही, असे सांगून त्याने पैसे परत करायला नकार दिला आणि त्याचे हे म्हणणे दुर्दैवाने खरे आहे. कोटेशनवर आणि बिलावर केवळ 'रेडिएशन टेस्ट' एवढेच लिहिलेले असल्याने आमची बाजू लंगडी पडते. अशी तपासणी करून घेणाऱ्यांनी पद्धतीचा क्रमांक आणि नमुना हाडासकट की बोनलेस, हे कोटेशनवरच लिहून घ्यावे आणि त्या प्रयोगशाळेच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यतेच्या व्याप्तीत नेमकी तीच चाचणी आहे का, हे पैसे देण्याआधी एनएबीएलच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे.