हाताने घडवलेली की कारखान्यातली? चकमकीच्या दोन रायफलींचा हंगामभराचा अनुभव

.५० कॅलिबरच्या (नळीचा व्यास अर्धा इंच), चकमकीच्या म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या आणि तोंडाकडून ठासून भरायच्या दोन रायफली शिकारीच्या अख्ख्या हंगामात आलटून पालटून वापरल्या. एक कारखान्यातली, दुसरी कारागिराने घडवलेली. हाताने घडवलेल्या आजच्या बहुतेक रायफलींची नळी आणि लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) बाहेरच्या कार्यशाळांतूनच तयार येतात. कारागीर दस्ता घडवतो आणि सगळे भाग एकमेकांशी जुळवतो. जास्तीचे पैसे जातात ते या जुळवणीचे.

ती जुळवणी सगळ्यात आधी ठिणगीत दिसते. चकमक फ्रिझनच्या, म्हणजे समोरच्या पोलादी पट्टीच्या, वरच्या एक-तृतीयांश भागावर आदळून खाली खरवडत आली पाहिजे आणि घोडा थांबताना तिची धार रंजकाच्या (आधी पेटणाऱ्या बारीक दारूच्या) वाटीकडे वळलेली हवी. घडवलेल्या रायफलीत हे पहिल्या दिवसापासून नीट होते. कारखान्यातलीत चकमक फार खाली आदळत होती. चामड्याच्या घडीत ती उलटी, म्हणजे उतरती बाजू खाली करून, बसवल्यावर फरक पडला. फ्रिझनवर खोल चरे पडूनही ठिणग्या कमी असतील तर पोलाद मऊ आहे. ते बंदूक-कारागिराकडूनच कडक करून घ्यावे. चकमकी बदलत बसून हा दोष जात नाही.

खरा फरक मात्र नळीच्या बुडाशी आहे. बऱ्याच कारखानी रायफलींत बंदुकीच्या दारूची कोठी नळीपेक्षा अरुंद असते. दोन बारांमध्ये ओली चिंधी फिरवली की काजळीचा चिखल त्या कोठीत ढकलला जातो, कान, म्हणजे वाटीतली आग नळीत नेणारे भोक, बुजतो, आणि मग वाटीत नुसता भपका होतो, बार उडत नाही. उपाय सोपा आहे: चिंधी जेमतेम दमट ठेवा, भरताना कानात सुई घालून ठेवा, आणि साठवणीचे तेल काढायला पहिल्या भरणीआधी स्पिरिटची चिंधी, मग कोरडी चिंधी फिरवा. घडवलेल्या रायफलीचे बूड सपाट आहे, कानाची नळी आतून शंकूसारखी रुंद केलेली आहे. तिथे ही कटकट जवळजवळ नाहीच. दोन्हींत रंजक मात्र थोडेच, तीनेक ग्रेन (दारू मोजायचे छोटे माप), कानाच्या खालच्या कडेपर्यंत. कान रंजकाने झाकला तर ते वातीसारखे जळत जाते आणि बार रेंगाळतो. दारू खरी काळीच हवी. पायरोडेक्ससारखे काळ्या दारूचे पर्याय जास्त उष्णतेला पेटतात, त्यामुळे चकमकीवर त्यांचा भरवसा धरू नये. घोडा पडूनही बार झाला नाही तर नळी किमान मिनिटभर सुरक्षित दिशेलाच रोखून ठेवा.

नळीच्या पिळाकडेही, म्हणजे आतले चर किती वळतात तिकडेही, बघा. कारखानी रायफलींपैकी थॉम्पसन सेंटर हॉकनचा पीळ ४८ इंचांत एक फेरा, लायमन ग्रेट प्लेन्सचा ६० इंचांत. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला मंद पीळ आणि खोल चर मानवतात. ०.४९० इंचाची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीची सुती चिंधी इथून सुरुवात करावी. दारूचे माप निर्मात्याच्या तक्त्यातून घ्यावे आणि कमाल मर्यादा ओलांडू नये. घडवलेलीची नळी मध्ये बारीक होत जाऊन तोंडाशी किंचित फुलते, त्यामुळे ती हातात तोललेली राहते. सरळ अष्टकोनी कारखानी नळी पुढे जड लागते. बसून नेम धरायला ते बरे, दिवसभर चालायला त्रासाचे.

स्वच्छतेत कारखान्यातली सरस, आणि हे फारसे कुणी सांगत नाही. तिचे बूड आकड्याने अडकलेले असते. पाचर काढली की नळी उचलून बूड कोमट पाण्याच्या बादलीत ठेवता येते. घडवलेलीची नळी बारीक पिनांनी जखडलेली. त्या वारंवार काढल्या तर दस्त्याचे लाकूड चिरते. म्हणून लॉक आधी उतरवायचे, कानात काडी ठोकायची, पाणी आतच फिरवून तोंडाकडून ओतायचे, आणि लॉकच्या खोबणीत ओल झिरपली का ते दर वेळी तपासायचे.