जीसीएचपी बरेच महिने वापरल्यावर: ग्रिड बारीक केली की मॉडेल खरंच सुधारतं का?

आधीच सांगतो, हे जिओस-केम या हवेतल्या रसायनांच्या जागतिक कॉम्प्युटर मॉडेलच्या जीसीएचपी आवृत्तीबद्दल आहे, त्याच्याच जुन्या क्लासिक आवृत्तीबद्दल नाही. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं, ती ग्रिड. क्लासिक एकाच मशीनच्या मेमरीत चालतं, त्यामुळे जगभरचा रन साधारण ४ बाय ५ किंवा २ बाय २.५ अंशांवर करायचा आणि बारीक हवं असेल तर एखाद्या प्रदेशापुरती वेगळी बारीक, म्हणजे नेस्टेड, ग्रिड लावायची. जीसीएचपी एमपीआयवर (एकच काम अनेक मशीनवर वाटायची पद्धत) चालतं, शेकडो कोअरवर पसरतं, आणि पृथ्वी घनाच्या ६ तोंडांवर बसवतं, म्हणून ध्रुवांपाशी चौकोन चिंचोळे होत जायची कटकट नाही. सी२४ म्हणजे प्रत्येक तोंडाच्या कडेला २४ चौकोन, एकेक ढोबळमानाने ४०० किमीचा, सी४८ म्हणजे २००, सी१८० म्हणजे ५०, सी३६० म्हणजे २५. माझं मत विचाराल तर स्ट्रेच्ड ग्रिडसाठी (एकाच भागात दाटवलेली ग्रिड, पुढे सांगतो) हे जरूर वापरा, पण अख्ख्या जगाला सी३६० लावायची हौस बहुतेकांना परवडणारी नाही आणि गरजेचीही नाही.

फरक सगळ्यात जास्त दिसतो तो नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये (एनओटू). दिवसा नायट्रोजन ऑक्साइड्सचं आयुष्य काही तासांचंच, म्हणजे ते उगमापासून फार लांब जातच नाहीत, आणि ४०० किमीच्या चौकोनात शहर, वीजकेंद्र, शेजारचं जंगल सगळं एकत्र घुसळलं जातं. आता रसायनशास्त्र सरळ रेषेत चालत असतं तर हरकत नव्हती, नंतर सरासरी काढली असती, पण तसं नाहीये ना. आधी मिसळून मग अभिक्रिया चालवल्या तर एक उत्तर आणि आधी अभिक्रिया चालवून मग सरासरी काढली तर दुसरं. शहराचा धूर पातळ झाला की मॉडेलमध्ये हायड्रॉक्सिल (हवेतली प्रदूषकं संपवणारा अतिक्रियाशील रेणू) जास्त तयार होतो आणि तोच नायट्रोजन ऑक्साइड्स लवकर खाऊन टाकतो, म्हणून जाड ग्रिडवर शहरांवरचा एनओटू कमी येतो. ओझोनचं उलटं. ताजा नायट्रिक ऑक्साइड आसपासचा ओझोन संपवतो, खास करून रात्री, ते जाड ग्रिडला दिसतच नाही आणि शहरातला ओझोन उगाच जास्त निघतो. सी४८ वरून सी१८० ला गेल्यावर पहिल्याच नकाशात हे कळतं, आकडेवारी काढायचीही गरज पडत नाही.

पण कार्बन मोनॉक्साइड बघत असाल तर? त्याचं आयुष्य महिना-दोन महिने, मिथेनचं तर ९ वर्षांच्या आसपास. ते वारा मस्त कालवून टाकतो. महिन्याच्या सरासरीत, उगमांपासून लांब, सी२४ आणि सी१८० जवळजवळ सारखेच दिसतात आणि मग एवढा कॉम्प्युटर जाळला कशाला असा प्रश्न पडतो.

दुसरी गोष्ट उत्सर्जनाची, म्हणजे कुठून किती धूर निघतो त्याच्या यादीची, आणि ही लोक हमखास विसरतात. मॉडेल २५ किमीवर आणि उत्सर्जनाची यादी ०.५ अंशाची, म्हणजे साधारण ५० किमीची, तर काय मिळणार? एकच आकडा चार चौकोनांत वाटला जातो, नकाशा देखणा दिसतो पण माहिती नवीन काहीच नाही. एडगार या जागतिक उत्सर्जन यादीसारखी ०.१ अंशाची यादी घेतली तर फायदा आहे, तरी त्यातही कितीतरी उत्सर्जन लोकसंख्या किंवा रस्त्यांच्या हिशोबाने वाटलेलं असतं हे डोक्यात ठेवावं. धूळ, समुद्री मीठ वगैरेंसाठी मात्र आधीच बारीक वाऱ्यावर काढून ठेवलेलं ऑफलाइन उत्सर्जन वापरायची सोय आहे आणि ती मला फार आवडली, कारण धूळ वाऱ्याच्या वेगाबरोबर सरळ वाढत नाही, एकदम उसळते, सरासरी वारा घेतला की ते उसळणंच गायब होतं. शिवाय त्यामुळे दोन रेझोल्यूशनची तुलना करताना उत्सर्जन तरी तेच राहतं.

खर्चाचं बोलायचं तर सी१८० ला १,९४,४०० स्तंभ (प्रत्येक चौकोनावरचा हवेचा उभा खांब), प्रत्येकात ७२ थर, म्हणजे जवळपास १.४ कोटी डबे आणि प्रत्येकात दोनशेहून जास्त रसायनांची समीकरणं. रेझोल्यूशन दुप्पट केलं की चौकोन चौपट, वर टाइमस्टेपही, म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तीही, कमी करावी लागते. २५ किमीचा चौकोन ५० मीटर प्रति सेकंदाचा जेट वारा ५०० सेकंदात पार करतो, तिथे १० मिनिटांची स्टेप कशी चालेल. रसायनाचा भाग कोअरवर छान वाटला जातो कारण प्रत्येक डबा स्वतंत्र, पण सूर्योदय-सूर्यास्ताच्या पट्ट्यात समीकरणं सोडवणाऱ्या सॉल्व्हरला छोटी छोटी पावलं टाकावी लागतात आणि बाकीचे कोअर नुसते वाट बघत बसतात. कोअरची संख्या ६ च्या पटीत ठेवायची, हे ओघाने आलंच. इन्स्टॉलेशनबद्दल एवढंच की ईएसएमएफ (मॉडेलचे भाग जोडणारी लायब्ररी), एमपीआय आणि कंपायलर यांचं जमेपर्यंत डोकं फिरतं, क्लस्टर सांभाळणाऱ्या माणसाशी आधीच गोडीत राहा.

आता स्ट्रेच्ड ग्रिड. रबराचं कापड एका जागी चिमटीत गोळा करावं तसं, हव्या त्या बिंदूभोवती चौकोन दाटतात आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला तेवढेच सैल होतात. सी६० ला ६ चा स्ट्रेच दिला की मध्यभागी सी३६० इतकं बारीक, आणि स्तंभ फक्त २१,६००, पूर्ण सी३६० च्या छत्तिसाव्या भागाइतके. पलीकडे मात्र चौकोन हजारेक किमीचे होतात, तेव्हा तिथला कुठला मोठा उगम तुमच्या प्रदेशावर परिणाम करणारा नाही ना हे बघून घ्या. नेस्टेडमध्ये कडेची हवा वेगळ्या जाड रनमधून दर ३ तासांनी आणून भरावी लागते आणि आतलं बाहेर जाऊन परत येत नाही, इथे सगळं एकाच रनमध्ये, कडाच नाहीत. मोठा स्ट्रेच दिला की बारीक भाग आकाराने लहान होत जातो, एक मोठा देश झाकायला तो पुरत नाही, मग २ किंवा ३ चा स्ट्रेच आणि थोडी मोठी सी संख्या हे जास्त बरं पडतं. टाइमस्टेप मात्र बारीक भागाच्या हिशोबानेच ठेवायची, त्यात सवलत नाही.

जे सुधारत नाही ते म्हणजे उभी दिशा. थर तेच ७२, जमिनीलगतचा थर शंभरेक मीटर जाडीचा, त्यामुळे आडवं कितीही बारीक करा, समुद्र ओलांडून जाणारे पातळ पापुद्र्यासारखे धुराचे थर मॉडेलमध्ये विरघळतातच. हे विरघळणं मॉडेलच्या गणितामुळे होतं, खऱ्या हवेत नाही, आणि त्यावर आडव्या रेझोल्यूशनचा उपाय अर्धवटच चालतो. उपग्रहाशी तुलना करतानाही सांभाळून, ट्रोपोमी या उपग्रहावरच्या उपकरणाचा पिक्सेल ५.५ बाय ३.५ किमीचा आहे, तुमचा २५ चा, आणि सरासरी करणारं कर्नेल (उपग्रहाला कोणत्या उंचीवरचं किती दिसतं त्याचा हिशोब) लावल्याशिवाय केलेली तुलना मी तरी वाचत नाही.

आउटपुटच्या फाइल सहा तोंडांच्या येतात, नेहमीच्या अक्षांश-रेखांशाच्या स्क्रिप्ट त्यावर चालत नाहीत. जीसीपाय आणि एक्सअॅरे ही पायथॉनची साधनं शिकून घ्या, आणि स्ट्रेच्ड रन असेल तर रिस्टार्ट फाइल (रन जिथून सुरू होतो ती सुरुवातीची स्थिती) त्याच ग्रिडवर आधी रीग्रिड करून ठेवा. तासागणिक सगळ्या थरांचं आउटपुट चालू ठेवलं तर डिस्क बघता बघता भरते, हव्या त्या रसायनांची पृष्ठभागाची तासाची फाइल आणि बाकीची महिन्याची सरासरी, एवढ्यात बहुतेक कामं होतात.