उद्गम पोर्टल: शोधायला उत्तम, पण अर्धीच गोष्ट सांगणारं

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेलं 'उद्गम' पोर्टल वेगवेगळ्या बँकांतल्या बेवारस ठेवी एकाच ठिकाणी शोधून देतं. सेवा फुकट आहे. कुणा मध्यस्थाला टक्केवारी देण्याचं काही कारण नाही.

मोबाइल क्रमांकावर ओटीपी घेऊन नोंदणी करायची, मग खातेदाराचं नाव टाकून बँक निवडायची. सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट क्रमांक किंवा जन्मतारीख यांपैकी निदान एक गोष्ट लागते. खरी गोची इथेच होते. जुन्या खात्यांना पॅन जोडलेला नसतो आणि जन्मतारीख बँकेत जी लिहिली तीच चालते. आजोबांची कागदोपत्री तारीख १ जून असेल (आपल्याकडे निम्मं गाव त्याच दिवशी जन्मलेलं असतं), तर तीही टाकून पाहा. नावाचे इंग्रजी हिज्जे बदलून पाहा: वाडेकर व्हीने की डब्ल्यूने, आडनाव आधी की शेवटी, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर.

बँक निवडताना सरळ सगळ्या निवडाव्यात. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये, देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात. पासबुकावरचं नाव यादीत शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

ठेव सापडली की यूडीआरएन, म्हणजे त्या बेवारस ठेवीचा संदर्भ क्रमांक मिळतो. खाते क्रमांक आणि शाखा मुद्दाम झाकलेल्या असतात, ते योग्यच आहे. हा क्रमांक आणि केवायसीची कागदपत्रं घेऊन बँकेत जायचं. वारसांनी मृत्यूचा दाखलाही न्यावा. पोर्टलवरून एक रुपयाही मिळत नाही. बँक आधी तुम्हाला पैसे देते आणि मग रिझर्व्ह बँकेच्या निधीतून (बँका बेवारस ठेवी जिथे जमा करतात तो) वसूल करते. व्याजी ठेवीवर निधीत असतानाच्या काळाचं व्याज मिळतं, ११ मे २०२१ पासून सरळव्याजाने ३ टक्के.

पोर्टलची मोठी उणीव म्हणजे शोध रिकामा आला तर का आला, हे ते सांगत नाही. दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही की खातं 'निष्क्रिय' होतं. बँकेने जमा केलेलं व्याज किंवा कापलेले एसएमएसचे पैसे हा त्यात व्यवहार धरत नाहीत. मोबाइल बँकिंगमध्ये केलेलं लॉगिन मात्र धरतात. पैसे निधीत जातात ते दहा वर्षांनी, आणि उद्गमवर तेवढेच दिसतात. चार वर्षं पडून असलेलं खातं तिथे दिसणारच नाही. त्यासाठी थेट बँकेत जा, कुठल्याही शाखेत केवायसी देता येते. खातं चालू करायला शुल्क नाही, आणि एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नसल्याचा दंडही लावता येत नाही. बचत खात्याचं व्याज तर या काळातही चालूच राहतं. अर्ज पूर्ण असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत काम व्हायला हवं.

मार्च २०२४ पर्यंत उद्गमवर ३० बँका आल्या होत्या, बहुतेक मोठ्या व्यापारी. गावच्या पतसंस्थेतली ठेव इथे शोधू नका. पतसंस्था या निधीच्या कक्षेतच येत नाहीत. तिथे पावती घेऊन संस्थेच्या कार्यालयात, आणि ते दाद देत नसतील तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं लागतं.